पार्श्वभूमी : स्वादुपिंडाच्या सुजेतला रक्तस्राव आणि ‘आधी दुर्बीण की आधी सीटी’

पॅन्क्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेत, माणूस दगावतो तो बहुतेकदा जंतुसंसर्गाने किंवा एकेक अवयव निकामी होत गेल्याने. सुजेमुळे धमनीला आलेला फुगा फुटून होणारा रक्तस्राव त्या मानाने क्वचित दिसतो. पण तो वेळेत ओळखला गेला नाही, तर रुग्ण हातचा जातो. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात आज सीटी मशिन आहेत, कॅथ लॅब आहेत, धमनीत नळी घालून रक्तस्राव थांबवणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टही आहेत. तरीही भिवंडी, शहापूर, मुरबाडकडचा रुग्ण दोन-तीन दवाखाने फिरून उशिरा पोचतो. अंतर हे त्याचं एक कारण आहे. तपासण्यांचा क्रम, म्हणजे आधी दुर्बीण (एंडोस्कोपी) की आधी सीटी, हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं कारण.

प्लीहेच्या धमनीचा फुगा फुटून स्वादुपिंडाच्या नळीवाटे रक्त आतड्यात आल्याची नोंद १९३१ सालची. अशा रक्तस्रावाला ‘हिमोसक्कस पॅन्क्रियाटिकस’ हे आजचं नाव मिळायला १९७० उजाडलं. मधल्या काळात निदान व्हायचं ते पोट उघडल्यावर, नाहीतर शवविच्छेदनात. तारेवरून धमनीत नळी सरकवण्याची पद्धत १९५३ची. १९७२ मध्ये रुग्णाच्याच रक्ताची गुठळी नळीवाटे आत सोडून जठराकडची रक्त गळणारी धमनी बुजवली गेली आणि १९७५ मध्ये धमनी बुजवणाऱ्या धातूच्या कॉइल (बारीक तारेच्या गुंडाळ्या) आल्या. आजच्या उपचाराचा पाया तोच आहे.

ठाण्यात नव्वदच्या दशकात अशा रुग्णाचं काय ते मुलुंड चेकनाक्यापलीकडे, मुंबईत, ठरायचं. रक्ताच्या बाटल्या लावायच्या, चिठ्ठी लिहायची आणि अँब्युलन्स परळ किंवा सायनच्या मोठ्या रुग्णालयाच्या दिशेने काढायची. फुटलेली धमनी सूजलेल्या, गळणाऱ्या ऊतींत शोधून बांधणं हे निष्णात सर्जनलाही अवघड होतं, कारण टाका धरायला धड ऊतीच उरलेली नसायची. पुढे मल्टिस्लाइस सीटी आलं आणि चित्र पालटलं. शिरेतून कॉन्ट्रास्ट (सीटीत पांढरं उजळणारं औषध) दिल्यावर पंचवीस-तीस सेकंदांत घेतलेल्या फोटोंत धमनीचा फुगा धमनीइतकाच पांढरा उजळतो. मात्र त्याआधी तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजलेलं नको. आतडंच पांढरं दिसू लागलं की त्यात मिसळलेलं रक्त ओळखता येत नाही.

वादाचा मुद्दा इथून सुरू होतो. रक्ताची उलटी किंवा काळं संडास झालं की आधी दुर्बीण, हा नियम अल्सर आणि अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांच्या अनुभवातून आला आणि त्या आजारांसाठी तो बरोबरच आहे. दारू पिणाऱ्या रुग्णाला पॅन्क्रियाटायटिसबरोबर या दोन्ही गोष्टीही असू शकतात आणि त्यांवर दुर्बिणीतूनच लगेच इलाज होतो. शिवाय क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर कॉन्ट्रास्टची धास्ती वाटते. ही बाजू खरी आहे.

पण धमनीच्या फुग्यातलं रक्त थांबून थांबून येतं. स्वादुपिंडाच्या नळीत गुठळी अडकली की वरच्या पोटात कळ चढत जाते, रक्त वाट काढून उतरलं की कळ ओसरते, आणि दुसऱ्या दिवशी काळं संडास. हिमोग्लोबिन अकरावरून सातवर आलेलं, दुर्बिणीत मात्र जठर स्वच्छ. जिथून रक्त येतं ते तोंड ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) कडेच्या भिंतीत असतं आणि समोर बघणाऱ्या साध्या दुर्बिणीतून ते सहज निसटतं. मग कागदावर ‘गॅस्ट्रायटिस’ येतं, दोन बाटल्या रक्त चढतं, डिस्चार्ज मिळतो. हा पहिला छोटा रक्तस्राव म्हणजे मोठ्याची आगाऊ सूचना असते. म्हणून ज्याला स्वादुपिंडाची सूज होऊन गेली आहे, त्याची दुर्बीण स्वच्छ आली तर त्याच दिवशी सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारी सीटी) व्हायला हवी. रक्तदाब घसरत असेल तर दुर्बिणीसाठीही थांबू नये, असं मला ठामपणे वाटतं.

फुगा सापडल्यावरचं काम नाजूक आहे. सर्वाधिक वेळा प्लीहेची धमनी असते, त्याखालोखाल ड्युओडेनमजवळची गॅस्ट्रोड्युओडेनल. हिला रक्त दोन्हीकडून येतं. सोसायटीच्या पाइपलाइनला दोन टाक्या जोडलेल्या असाव्यात, तसं एक बाजू बंद केली तरी गळती चालूच राहते. त्यामुळे आधी फुग्याच्या पलीकडे कॉइल टाकायची, मग अलीकडे. प्लीहेची मुख्य धमनी बुजवली तरी जठराकडून येणाऱ्या लहान धमन्यांवर प्लीहा बहुधा तगते. नळी पलीकडे पोचतच नसेल तर ग्लू वापरतात. ग्लू सलाइन लागताच गोठतो, म्हणून त्याआधी नळी डेक्स्ट्रोजने धुवावी लागते. कॉइलच्या ढिगापेक्षा ग्लू स्वस्त पडतो, त्यामुळे आपल्याकडे त्यावर हात जास्त बसला. सोनोग्राफीवर दिसणाऱ्या फुग्यात बाहेरून सुईने थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं द्रव्य) सोडण्याचा मार्गही आहे.

गेल्या पंधराएक वर्षांत नवाच प्रश्न उभा राहिला. स्वादुपिंडाच्या सडलेल्या ऊतींसाठी पोट उघडण्याऐवजी आधी ड्रेन (घाण बाहेर काढणारी नळी) टाकण्याची पद्धत २०१०च्या एका मोठ्या चाचणीनंतर रुळली. मग जठरातून थेट सडलेल्या ऊतींच्या पोकळीत धातूचा स्टेंट बसवणं सुरू झालं. पोकळी आक्रसली की स्टेंटचं टोक आतल्या धमनीवर घासू शकतं, म्हणून तीन-चार आठवड्यांत सीटी करून तो काढायचा असतो. बरं वाटतंय म्हणून नातेवाईक ही तारीख पुढे ढकलतात. ती ढकलू देऊ नये. ड्रेनच्या पिशवीत अचानक लाल रक्त दिसलं तर ड्रेन काढण्याची घाई न करता तो बंद करायचा आणि रुग्णाला सीटीला न्यायचं.

रक्तस्राव न झालेला फुगा सीटीत योगायोगाने दिसला तर काय, यावर अजून काही जण थांबण्याचा सल्ला देतात. धमनीच्या साध्या फुग्यांत दोन सेंटिमीटरखाली वाट बघता येते, तो आधार ते इथेही घेतात. पण इथल्या, म्हणजे सुजेमुळे झालेल्या, फुग्याला धमनीची स्वतःची पूर्ण भिंत नसते आणि आकार लहान असला म्हणून तो फुटणार नाही, असं सांगता येत नाही. शेजारची पोकळी रिकामी करायची असेल तर आधी हा फुगा बुजवायचा, मगच ड्रेन टाकायचा.