लवकरात लवकर मात शोधलीच पाहिजे का?

ठाणे-वाशीकडच्या बुद्धिबळ क्लासच्या पालक-ग्रुपांवर फिरणारा फॉरवर्ड: 'जिंकलेल्या डावात सर्वांत कमी चालींची मात सापडली नाही, तर विजय निसटतो.'

विजय निसटतो, पण बहुतेकदा घाईने. मात दहाव्या चालीत करा की पंचविसाव्या, गुण एकच. मर्यादा आहे ती ५० चालींची: दोन्ही बाजूंच्या ५०-५० चालींत प्यादे हललं नाही, मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरी मागता येते. एकट्या राजाविरुद्ध वजिराने मात जास्तीत जास्त १० चालींत होते, हत्तीने १६. म्हणजे भरपूर सवड.

खरा धोका स्टेलमेटचा, म्हणजे शह नसताना एकही चाल न उरण्याचा. काळा एकटा राजा ए८ या कोपऱ्यातल्या घरात असताना (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) घाईत वजीर बी६ वर ठेवला, की शह नाही आणि राजाला घरही नाही. बरोबरी! त्याऐवजी वजीर डी७ वर ठेवा. काळा राजा ए८-बी८ अशी ये-जा करत बसेल. तोवर आपला राजा सावकाश बी६ वर आणा आणि मग वजीर बी७ वर: मात. दोन चाली जास्त गेल्या तर जाऊ द्यात.

पटावर मांडून बघा, किंवा इंजिनाविरुद्ध, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामविरुद्ध, खेळून चाली मोजा. उंट-घोड्याची मात मात्र ३३ चालींपर्यंत लांबते. तिथे भटकायला फारशी जागा नाही.