रबरी मूठ चिकट का होते?

सातारच्या आमच्या घरी आईचा एक जुना हँड ब्लेंडर आहे. मोटर अजून खणखणीत चालते, पण त्याची काळी मूठ यंदा श्रावणात हातात धरवेना. बोट टेकवून उचललं की बारीक ‘चट्’ आवाज यायचा, मुठीवर बोटाची रेघन्‌ रेघ उमटायची आणि बोटाला काळं लागायचं. साबणाने घासली तर आणखी लिबलिबीत. “तेलकट हातांनी धरता, दुसरं काय होणार,” असं घरात कुणीतरी म्हणालंच. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे वाक्य घरोघरी ऐकावं लागतं. ते चूक आहे, म्हणूनच हे लिहितोय.

जावळीच्या खोऱ्यात मेढ्याला मावशीकडे एक बॅटरी आहे. लाइट गेली तर असू दे म्हणून आणलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फडताळात ठेवलेली. वर्षानुवर्षं तिला कुणाचा हातच लागला नव्हता. परवा काढली, तर पिशवी मुठीला चिकटून बसलेली. हाताचं तेल आणि घाम या नासाडीला हातभार लावतात हे खरं, पण मूळ दुखणं त्या वस्तूच्याच अंगात असतं.

रबराचं आणि चिकटपणाचं नातं जुनं आहे. रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. फणस कापताना आपण हाताला तेल का लावतो हे ज्याला माहीत आहे, त्याला चीक म्हणजे काय ते सांगायला नको. मेक्सिकोकडच्या लोकांनी साडेतीन हजार वर्षांपूर्वीच या चिकात एका वेलीचा रस मिसळून उसळणारे चेंडू बनवले होते. युरोपला हे कसब ठाऊक नव्हतं. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने कापडाच्या दोन थरांमध्ये रबर घालून पावसाळी कोट काढला. पुढे अमेरिकेत रबरी बूट आणि कोटांची लाट आली, आणि पहिल्याच कडक उन्हाळ्यात माल वितळून त्याचे गोळे झाले. थंडीत तोच माल लाकडासारखा ताठ व्हायचा.

या दुखण्यामागे चार्ल्स गुडइयर वर्षानुवर्षं लागला होता. १८३९ मध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलं तेव्हा ते वितळलं नाही, उलट चिवट झालं. रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांना गंधकाने आडवे सांधे जोडले होते. गुडइयरला अमेरिकेत १८४४ मध्ये पेटंट मिळालं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनेही आपलं पेटंट घेतलं. गुडइयर मात्र कर्जातच वारला, १८६० साली. तरी साध्या रबराला हवा आणि ऊन खातंच. जुन्या पासबुकांना लावलेलं रबरबँड आधी कागदाला चिकटतं, मग तुटून पडतं, ते त्यामुळेच.

आईच्या ब्लेंडरची मूठ मात्र झाडाच्या चिकाची नव्हे. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलीयुरेथेन नावाचं कृत्रिम प्लॅस्टिक शोधलं. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याचाच मऊ, मखमली लागणारा रंग टणक प्लॅस्टिकवर फवारला जाऊ लागला. गाड्यांचे डॅशबोर्ड, मग कॅमेरे, दुर्बिणी, लॅपटॉप, माउस आणि शेवटी स्वयंपाकघर. दुकानात वस्तू हातात घेतली की ती भारी वाटावी आणि हातातून निसटू नये, यासाठी हा थर.

या रंगाच्या स्वस्त प्रकारांत रेणूंच्या साखळीचे काही दुवे एस्टर नावाच्या रासायनिक जोडाचे असतात, आणि एस्टरचं पाण्याशी वैर. हवेतल्या दमटपणातलं पाणी आत शिरून एकेक दुवा तोडतं. दुवा तुटला की तिथे आम्ल तयार होतं, आणि ते पुढचे दुवे आणखी वेगाने तोडायला मदत करतं. म्हणून मूठ काही वर्षं ठणठणीत असते आणि मग एका पावसाळ्यात हातची जाते. जावळीच्या खोऱ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत. तिथे फडताळात बसलेल्या बॅटरीला पाणी वेगळं पाजावं लागत नाही. उष्णतेने हा वेग आणखी वाढतो.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक ध्वनिफितींवरही हेच संकट आलं, कारण त्यांच्यावरची चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा लेपही याच जातीचा. तसल्या फिती आजही मंद आचेवर तासन्‌तास शेकवून कोरड्या करतात आणि मग वाजवतात. कपाटात नीट जपलेल्या बुटाचा तळ अजिंक्यताऱ्याच्या चढावर भुगा होऊन सुटतो, तोही बऱ्याचदा याच कारणाने.

काही मुठींना वरून रंग नसतो, त्या सबंध मऊ रबरासारख्या प्लॅस्टिकच्याच असतात. त्यांत मऊपणासाठी घातलेलं तेल हळूहळू पृष्ठभागावर पाझरतं. तिथे दुखणं वेगळं, पण हाताला सारखंच लागतं.

पाण्याला दाद न देणारे प्रकार आहेत, पण ते महाग पडतात. मोटर इतकी वर्षं टिकणार असेल तर मुठीनेही तेवढं टिकावं, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

एकदा सुटलेला थर पुन्हा धड होत नाही. टाल्कम पावडर लावली तर चार दिवस बरं वाटतं, एवढंच. खरा उपाय म्हणजे तो काढून टाकणं. आम्ही ब्लेंडरचा प्लग काढला, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये सुती चिंधी भिजवून तासभर मूठ चोळली. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद. चिंध्या काळ्या होत गेल्या आणि खालून करड्या रंगाचं टणक प्लॅस्टिक निघालं. दिसायला साधंच, आणि ओल्या हातातून निसटतं. आई आता आधी पदराला हात पुसते आणि मग बटण दाबते.