गोळी एक, विषाणू दोन

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, एचआयव्हीच्या बहुतेक रुग्णांना आज रोज एकदा घ्यायची एकच गोळी मिळते. केंद्रातले सगळे तिला 'टीएलडी' म्हणतात. तिच्यात टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे एकत्र असतात. घेणाऱ्याच्या लेखी ती 'एचआयव्हीची गोळी' असते आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण काही जणांच्या शरीरात हीच गोळी आणखी एक काम करत असते, ते म्हणजे यकृतात ठाण मांडून बसलेल्या हिपॅटायटिस बी विषाणूला आवर घालण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना हिपॅटायटिस बी चाही दीर्घकालीन संसर्ग असतो. त्यांच्यापैकी अनेकांना यकृताचा कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे गोळीचे हे दुसरे काम त्यांना ठाऊकच नसते आणि पुष्कळदा ते कळते ते गोळी बंद केल्यावर, कावीळ झाली म्हणजे.

दोन अगदी वेगळ्या विषाणूंवर एकच औषध कसे चालते, हा प्रश्न कोणालाही पडावा. एचआयव्हीचा जनुकीय मजकूर आरएनएमध्ये असतो, तर हिपॅटायटिस बी चा डीएनएमध्ये. तरीही स्वतःच्या प्रती काढताना हिपॅटायटिस बी आधी डीएनएवरून आरएनए बनवतो आणि मग त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए लिहितो. आरएनएवरून डीएनए लिहिण्याची ही उलटी पायरी दोन्ही विषाणूंत आहे आणि ती पार पाडणारे विकरही (एन्झाइम) एकमेकांच्या नात्यातले आहेत. टेनोफोव्हिर नेमके या पायरीवर वार करते. ते डीएनएच्या नेहमीच्या घटकासारखे दिसते, म्हणून विकर त्याला साखळीत ओवून घेतो. मात्र माळ ओवताना एका बाजूनेच भोक असलेला मणी आला तर दोरा जसा पुढे जात नाही, तशी साखळी तिथेच थांबते. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ आंतोनिन होली आणि बेल्जियममधील ल्यूव्हेनचे विषाणूतज्ज्ञ एरिक द क्लेर्क यांच्या दीर्घ सहकार्यातून हे औषध पुढे आले. अमेरिकेत त्याला एचआयव्हीसाठी २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि हिपॅटायटिस बी साठी २००८ मध्ये. लॅमिव्हुडिनही याच पद्धतीने दोन्ही विषाणूंवर चालते. डोल्युटेग्राव्हिरचे लक्ष्य मात्र एचआयव्हीचा मजकूर पेशीच्या डीएनएत शिवणारे इंटिग्रेज हे विकर आहे आणि हिपॅटायटिस बी कडे ते विकर नाहीच. म्हणजे एचआयव्हीशी तीन औषधे लढत असतात, तर यकृतातल्या विषाणूशी दोनच, आणि त्यांतही खरा भार एकट्या टेनोफोव्हिरवर असतो.

ही औषधे दोन्ही विषाणूंना दाबून ठेवतात, त्यांचे उच्चाटन करत नाहीत. एचआयव्ही आपला मजकूर प्रतिकारशक्तीच्या दीर्घायुषी पेशींच्या डीएनएत शिवून ठेवतो. हिपॅटायटिस बी यकृतपेशीच्या केंद्रकात डीएनएचे एक घट्ट वर्तुळ करून बसतो आणि सध्याच्या गोळ्या त्या वर्तुळापर्यंत पोचत नाहीत. गोळी थांबली की त्या वर्तुळावरून नव्या प्रती निघू लागतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हिपॅटायटिस बी चा विषाणू यकृतपेशीला स्वतः फारसा मारत नाही. विषाणू असलेल्या पेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला चढवते ती आपलीच प्रतिकारशक्ती. एचआयव्हीच्या उपचाराने सावरलेल्या शरीरात ही शक्ती भरात असते. त्यामुळे गोळ्या सोडल्यानंतर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत विषाणू उसळला, तर यकृताचा दाह फार तीव्र होऊ शकतो. ज्याच्या यकृताला आधीच सिऱ्होसिस झाला आहे, म्हणजे ते व्रणांनी कडक झाले आहे, त्याला अशा उसळीतून यकृत निकामी होण्याचा आणि मृत्यूचाही धोका असतो. या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत जो ठळक इशारा छापलेला असतो, तो याच धोक्याचा आहे.

भारतात १ एप्रिल २००४ रोजी मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या फळीतील गोळ्यांत टेनोफोव्हिर नव्हते. स्टॅव्ह्युडिन किंवा झिडोव्ह्युडिन, त्यासोबत लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन असा तो संच होता. असंख्य प्राण त्याने वाचवले. मात्र ज्यांना हिपॅटायटिस बी होता, त्यांच्या यकृतातल्या विषाणूशी या संचातले लॅमिव्हुडिन एकटेच झुंजत होते. एकट्या औषधासमोर विषाणू पळवाट शोधतो आणि इथे ती फार लवकर सापडते. दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांना हिपॅटायटिस बी साठी एकटे लॅमिव्हुडिन दिले, तर चार वर्षांत सुमारे ९० टक्के रुग्णांमधला विषाणू त्याला दाद देईनासा होतो. ही पळवाटही पाहण्यासारखी आहे. एचआयव्हीच्या विकरात १८४ व्या जागी आणि हिपॅटायटिस बी च्या विकरात २०४ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते. ही दोन्ही ठिकाणे रचनेने एकमेकांशी जुळणारी आहेत आणि मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले की दोन्हीकडे लॅमिव्हुडिन निष्प्रभ होते. एकाच कुलपाला दोघांनी एकच किल्ली करून घ्यावी, तसे हे झाले. टेनोफोव्हिरच्या बाबतीत हिपॅटायटिस बी ला अशी सोपी वाट अजून सापडलेली नाही. म्हणूनच दोन्ही संसर्ग असलेल्या माणसाच्या उपचारातून टेनोफोव्हिर काढणे हा साधा फेरबदल मानता येत नाही.

याच्या उलट बाजूने झालेली चूक मला जास्त बोधक वाटते, कारण ती निष्काळजीपणातून झाली नव्हती. एन्टेकाव्हिर हे हिपॅटायटिस बी चे अतिशय प्रभावी औषध अमेरिकेत २००५ मध्ये आले. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवरून ते एचआयव्हीवर परिणाम करत नाही, असा समज होता. त्या काळी एचआयव्हीचे उपचार बाधित व्यक्तीला लगेच सुरू करत नसत. त्यामुळे अशा व्यक्तीच्या यकृतासाठी एकटे एन्टेकाव्हिर देणे सुरक्षित मानले गेले. २००७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अशा तीन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. एन्टेकाव्हिर सुरू केल्यावर त्यांच्या रक्तातला एचआयव्हीही जवळजवळ एक दशांशावर आला होता. वरवर पाहता ही आनंदाची बातमी होती, परंतु तिचा अर्थ असा होता की औषध एचआयव्हीवर अर्धवट दाब टाकत होते. अर्धवट दाबात विषाणू मरत नाही, तो शिकतो. तिघांपैकी एकाच्या शरीरात १८४ व्या जागेचा तोच बदल झालेला एचआयव्ही वाढत गेला. एचआयव्हीचे उपचार सुरू होण्याआधीच त्यातले एक महत्त्वाचे औषध त्याच्यापुरते बोथट झाले होते.

तेव्हापासून नियम स्पष्ट आहे. हिपॅटायटिस बी ची कोणतीही गोळी सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी झालीच पाहिजे, आणि एचआयव्हीचे उपचार सुरू करताना 'एचबीएसएजी' ही हिपॅटायटिस बी ची चाचणी झालीच पाहिजे. हिपॅटायटिस बी साठी लॅमिव्हुडिनची कमी मात्रेची, १०० मिलिग्रॅमची गोळीही मिळते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने चुकून तिच्यावरच राहणे हाही त्याच जातीचा धोका आहे. यकृताच्या डॉक्टरांकडे एचआयव्हीची गोष्ट काढायला माणूस संकोचतो, हे अगदी समजण्यासारखे आहे. म्हणूनच ती चाचणी रुग्णाने मागण्याची वाट न पाहता, त्याची संमती घेऊन आणि गुप्तता राखून डॉक्टरांनीच सुचवावी, असे मला वाटते. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने संमती आणि गुप्तता हे दोन्ही हक्क रुग्णाला दिलेलेच आहेत.

जुन्या चुकांची जागा आता नव्या सोयी घेऊ शकतात. डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्हुडिन अशी दोनच औषधांची गोळी किंवा कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन यांची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने एचआयव्हीसाठी उत्तम ठरली आहेत. रोजच्या गोळीला कंटाळलेल्या माणसाला ती हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र पहिल्या पर्यायात हिपॅटायटिस बी वर चालणारे औषध लॅमिव्हुडिन एकटेच उरते आणि दुसऱ्या पर्यायात एकही उरत नाही. खासगी डॉक्टर बदलताना किंवा परदेशातून नवे औषध आणवताना हा मुद्दा सहज निसटतो. मूत्रपिंडाच्या त्रासामुळे टेनोफोव्हिर थांबवून अबॅकाव्हिर हे एचआयव्हीचे दुसरे औषध दिले जाते, तेव्हाही हेच घडते. एचआयव्ही आटोक्यात राहतो, पण यकृताची बाजू उघडी पडते. अशा वेळी एचआयव्हीच्या पूर्ण उपचाराला एन्टेकाव्हिरची जोड देता येते. जे एन्टेकाव्हिर एकटे असताना घातक ठरले, ते एचआयव्ही पूर्ण दाबात असताना सुरक्षित असते. मात्र लॅमिव्हुडिनला दाद न देणाऱ्या हिपॅटायटिस बी वर त्याचा जोरही कमी पडतो, हे उपचार ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

मूत्रपिंडाविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण दीर्घकाळ गोळी घेणाऱ्याला खरी भीती तिथली असते. टीएलडीतले टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्झिल हे रूप मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशींत साठून त्यांना इजा करू शकते. मग जी द्रव्ये शरीरात परत शोषली जायची, ती लघवीवाटे जाऊ लागतात. त्यांतले फॉस्फेट सतत जात राहिले तर हाडे ठिसूळ होतात. बहुसंख्य लोकांना असे काही होत नाही, परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढते वय आणि कमी वजन या गोष्टी धोका वाढवतात. म्हणून ठरलेल्या काळाने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले द्रव्य) आणि लघवी तपासून घ्यावी लागते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके महिनोन्‌महिने घेणे या औषधासोबत विशेष वाईट. टेनोफोव्हिर अलाफेनामाइड हे नवे रूप फार कमी मात्रेत तेच काम करते आणि मूत्रपिंड व हाडे यांना सौम्य आहे, मात्र क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनमुळे त्याची रक्तातली पातळी घटते. अहवाल पाहून घाबरून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डोल्युटेग्राव्हिर सुरू केल्यावर क्रिएटिनिनचा आकडा पहिल्या काही आठवड्यांत किंचित चढतो. मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या कामाला त्यात धक्का लागलेला नसतो. क्रिएटिनिन बाहेर टाकणारी एक वाट अडते, इतकेच. पुढेही आकडा चढतच राहिला तर मात्र शोध घ्यायलाच हवा.

उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत यकृताची विकरे अचानक वाढणे ही त्याहून गोंधळाची परिस्थिती आहे. एचआयव्हीचा दाब उतरल्यामुळे सावरू लागलेली प्रतिकारशक्ती बाधित यकृतपेशींवर तुटून पडते, हे त्याचे एक कारण असू शकते. सोबत क्षयरोगाचे उपचार चालू असतील, तर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. दारू असेल तर तीही या यादीत आली. कारण वेगवेगळे असेल तसा उपायही वेगळा असतो, म्हणून मळमळ, गडद लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत आणि तसेच अंगावरही काढू नये.

अशा वेळी आपल्याकडे माणूस हमखास 'काविळीचे औषध' शोधतो. गळ्यात मुळांची माळ घालतो किंवा कोणी दिलेला पाला वाटून पितो. भुईआवळीचा तर रीतसर अभ्यास झाला आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी, हिपॅटायटिस बी विषाणूचा शोध लावून १९७६ चे नोबेल मिळवणाऱ्या बारूख ब्लुमबर्ग यांच्यासह, या वनस्पतीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शरीरात विषाणू बाळगणाऱ्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे पृष्ठप्रथिन नाहीसे झाले, असे त्यात म्हटले होते. जगभर आशा पालवली. पुढे इतर ठिकाणच्या प्रयोगांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. भुईआवळीवर भिस्त ठेवून टेनोफोव्हिर सोडणे म्हणूनच जिवाशी खेळ आहे, आणि त्यातून बचावलेल्याला काविळीच्या औषधानेच गुण आला असे वाटत राहते, हे त्याहून दुःखद.

रोजच्या व्यवहारात सांभाळायच्या काही गोष्टी लहान आहेत. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची अँटासिड यांतले धातू डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच बांधून ठेवतात. म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत एकत्र घेतले तरी चालते, अँटासिडला ही सवलत नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची पातळी डोल्युटेग्राव्हिरमुळे वाढते, तेव्हा त्याची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी लागते. रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत डोल्युटेग्राव्हिरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी दिली जाते. एचआयव्ही होऊ नये म्हणून टेनोफोव्हिर असलेली प्रतिबंधक गोळी घेणाऱ्यांनीही हिपॅटायटिस बी ची चाचणी आधीच करून घ्यावी, कारण संसर्ग असेल तर ती गोळी सोडतानाही यकृत उसळू शकते.

गोळी बंद पडण्याची कारणे बहुधा वैद्यकीय नसतात. दिवाळीच्या सुमारास बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूर-सांगलीकडे निघतो, तेव्हा त्याचे एआरटी केंद्र मागे राहते. नव्या सुनेला सासरी गोळ्यांची बाटली लपवावी लागते. दिवसाची मजुरी बुडते म्हणूनही कोणी महिनाभर केंद्रावर जात नाही. निघण्यापूर्वी केंद्रात सांगितले तर जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात किंवा नव्या ठिकाणच्या केंद्रावर नाव वर्ग करता येते. एचआयव्ही नसलेल्या हिपॅटायटिस बी च्या रुग्णांसाठीही २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी आणि उपचार होतात. घरातल्या बाकीच्यांची हिपॅटायटिस बी चाचणी करून, ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस द्यावी. आई टीएलडी घेत असली तरी बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा मिळाली पाहिजे, आणि शक्य असेल तिथे इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही.

एआरटी केंद्रात मिळालेल्या उपचार पुस्तिकेत एचबीएसएजी चाचणीचा निकाल नोंदवला आहे का, हे पुढच्या भेटीत पाहावे. नोंद नसेल तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना तो विचारून लिहून घ्यावा. निकाल पॉझिटिव्ह असेल, तर 'टेनोफोव्हिर यकृतासाठीही चालू आहे, परस्पर बदलू नये' हे वाक्य त्याच पानावर डॉक्टरांकडून लिहवून घ्यावे आणि उपचार करणारा डॉक्टर बदलला की ते पान आधी दाखवावे.