पाचवी आवृत्ती एक, पुस्तकं दोन: २०१४ आणि २०२४

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, पात्र बनवून फाशांवर खेळायचा खेळ. त्याची २०१४ची प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, आणि २०२४ची प्लेयर्स हँडबुक, दोन्ही पाचवी आवृत्तीच. नव्या पुस्तकाला प्रकाशकांनी सहावी म्हटलेलं नाही. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी कोथरूडला किंवा औंधला जमलेल्या टेबलावर एकाकडे जुनं पुस्तक, दुसऱ्याकडे नवं आणि तिसऱ्याच्या फोनवर अ‍ॅप असतं, आणि तिघांनाही वाटतं की आपण एकच खेळ खेळतोय.

पूर्वी आवृत्ती बदलली की ते लपत नसे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास (वारापासून बचावाचा आकडा) जितका कमी तितका चांगला. २०००च्या तिसरीत तो जितका जास्त तितका चांगला. जुना आकडा नव्या टेबलावर आणला तर पहिल्याच वाराला घोळ कळायचा. इथे मात्र वीसचा फासा, सहा अ‍ॅबिलिटी, बारा क्लास (पात्रांचे प्रकार), प्रोफिशियन्सी बोनस सगळं जागच्या जागी आहे. नावं तीच राहून आतला मजकूर बदललाय, म्हणून चूक दोन-तीन सेशन तशीच चालत राहते.

सर्वांत जास्त वाद पॅलाडिन या जादू येणाऱ्या योद्ध्याच्या क्लासवरून होतात. पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन एका टर्नमध्ये दोन वार करतो. २०१४मध्ये डिव्हाइन स्माइट ही क्लासची क्षमता आहे: वार लागला की स्पेल स्लॉट (जादू वापरायचा ठरावीक कोटा) खर्च करायचा आणि पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे), दुसऱ्याच्या स्लॉटला ३डी८ जादा डॅमेज. दोन्ही वार लागले तर दोनदा स्माइट करता येतं, म्हणजे एका टर्नमध्ये ६डी८पर्यंत. २०२४मध्ये स्माइट हा स्पेल झालाय आणि त्याला बोनस अ‍ॅक्शन लागते (टर्नमधली एकच छोटी जादा कृती), म्हणून टर्नमध्ये एकदाच. स्पेल असल्यामुळे समोरचा जादूगार काउंटरस्पेल टाकून तो रोखू शकतो. त्यात नव्या नियमात ले ऑन हँड्स (हात ठेवून जखम भरणं) आणि पोशन पिणं हेही बोनस अ‍ॅक्शनवर आलंय. पॅलाडिनला दर टर्नला तिन्हीतलं एकच निवडावं लागतं. जुन्या सवयीचा खेळाडू स्माइट मारून वर पोशनही पितो, आणि डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) जुनंच पुस्तक वाचलेलं असलं तर त्याला फक्त पोशन खटकतं, कारण तिथे पोशनला पूर्ण अ‍ॅक्शन लागते.

कॅरेक्टर बनवतानाची चूक शीटवर कायमची बसते. २०१४मध्ये +२, +१ हे वाढीव गुण रेसमधून, म्हणजे पात्राच्या वंशातून, येतात. २०२४मध्ये रेसला स्पीशीज म्हणतात आणि हे गुण बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, येतात, सोबत एक ओरिजिन फीट, म्हणजे खास कौशल्यही, मिळतो. जुन्या पुस्तकातली रेस आणि नव्यातली बॅकग्राउंड घेतली आणि दोन्हीकडचे गुण जोडले, की १५चे थेट १९ होतात. व्हायला हवेत १७. उलट, नवी स्पीशीज आणि जुनी बॅकग्राउंड घेतली तर काहीच मिळत नाही आणि फीटही जातो. यावरचा नियम नव्या पुस्तकातच दिलाय: जुन्या रेसचे गुण सोडून द्यायचे, आणि जुन्या बॅकग्राउंडला +२/+१ (किंवा तीन ठिकाणी +१) आणि एक ओरिजिन फीट द्यायचा. जुना सबक्लास, म्हणजे क्लासची उपशाखाही, चालतो, फक्त तो सगळ्यांना तिसऱ्या लेव्हललाच मिळतो. क्लेरिकला पूर्वी तो पहिल्याच लेव्हलला मिळायचा.

थकव्याचे, म्हणजे एक्झॉशनचे, दोन्हीकडे सहाच टप्पे आणि सहाव्याला मृत्यू. जुन्यात पहिल्या टप्प्याला फक्त अ‍ॅबिलिटी चेकवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा). वारावर आणि सेव्हवर (धोका टाळायच्या फाशावर) परिणाम थेट तिसऱ्या टप्प्याला. नव्यात प्रत्येक टप्प्याला वीसच्या फाशाच्या प्रत्येक टेस्टवर उणे २ आणि वेग ५ फुटांनी कमी. नवा नियम मला कितीतरी बरा वाटतो. तक्ता पाठ करावा लागत नाही आणि पहिल्या टप्प्यापासूनच थकवा जाणवतो.

सरप्राइजचं थोडक्यात: पूर्वी गाफील सापडलेल्याचा पहिला टर्न वायाच जायचा, आता फक्त इनिशिएटिव्हवर (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसअ‍ॅडव्हान्टेज. जुन्या अ‍ॅडव्हेंचरमधला दबा धरून केलेला हल्ला नव्या नियमांत त्यामुळे बराच मवाळ पडतो.

डीएमने सर्वांत जास्त जपायचं ते लढाईच्या हिशेबात. तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू आणि समोर चार डायर वुल्फ, प्रत्येकी २०० एक्सपी (अनुभवाचे गुण), म्हणजे ८००. २०१४च्या हिशेबात तीन ते सहा मॉन्स्टर असले की बेरीज दुप्पट धरतात: १६००. चौघांची ‘डेडली’ मर्यादा ४०० गुणिले चार, म्हणजे तीही १६००. म्हणजे ही लढाई जीवघेणी. २०२४मध्ये हा गुणाकारच काढून टाकलाय. ८०० हे ८००च राहतात, आणि चौघांसाठी ‘लो’ ६०० आणि ‘मॉडरेट’ ९०० असल्याने तीच लढाई मध्यमसुद्धा ठरत नाही. तक्ता एका पुस्तकातला आणि पद्धत दुसऱ्यातली घेतली की एक तर पार्टी संपते, नाहीतर लढाई दोन राउंडमध्ये आटोपते.

म्हणून पहिल्या सेशनआधीच ठरवा की नियम कुठल्या पुस्तकाचे, आणि ते वर्ष प्रत्येकाच्या कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात लिहा. स्पेलचं कार्ड काढताना मजकूर त्याच पुस्तकातला घ्या. क्युअर वुंड्स हा जखम भरणारा स्पेल जुन्यात १डी८ देतो आणि नव्यात २डी८, आणि कार्डावर नाव तेच असतं.

नवी पुस्तकं परवडत नसतील तर दोन्हींचे मूळ नियम एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) या नावाने फुकट मिळतात: २०१४साठी ५.१, २०२४साठी ५.२. दोन्ही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत, त्यामुळे अप्पा बळवंत चौकातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात छापून स्पायरल बाइंडिंग करून घ्यायला हरकत नाही. प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास त्यात असतो, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. छापायला देण्याआधी बॅकग्राउंडचं पान उघडून बघा: एकच बॅकग्राउंड दिसली तर फाइल ५.१ची, चार दिसल्या तर ५.२ची.