कृत्रिम पानाफळांचे तोरण

कापडी किंवा प्लास्टिकची पाने आणि वजनाला हलकी बनावट फळे तारेने बांधून केलेली, सणाच्या दिवसांत दाराला किंवा देवापुढच्या आराशीला लावायची सजावट. मराठवाड्यात ती दोन प्रकारांत दिसते: चौकटीच्या रुंदीचे आडवे तोरण, आणि दारावर टांगायचे गोल तोरण किंवा ‘रिंग’. गोल प्रकार मूळचा युरोपातल्या नाताळाचा. तिकडे तो सदाहरित डहाळ्या आणि लाल फळांचा असतो. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत तो डिसेंबरात लागतो; इतरत्र मात्र त्याचा हंगाम भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांपासून दिवाळीपर्यंतचा.

महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. या तीन दिवसांच्या आराशीत कृत्रिम पाने-फळे सर्वाधिक वापरली जातात, ती मागच्या पडद्यावर आणि कमानीवर. ज्येष्ठा-कनिष्ठेच्या डोक्यावर टांगायचा फुलोरा मात्र करंज्या-पापड्यांचाच असतो, आणि कलशावरची पाने खरी लागतात. ही सीमा बहुतेक घरांत आपोआप पाळली जाते: पूजेत जाईल ते खरे, शोभेला कृत्रिम चालते.

असे तोरण रुजण्याचे कारण इथल्या हवामानात आहे. आंब्याच्या डहाळीचे तोरण दोन-तीन दिवसांत वाळून गळू लागते. परतीचा पाऊस ऐन दसऱ्याच्या तोंडावर झेंडू भिजवून जातो आणि भाव कडाडतात. कापडी पानांचे तोरण एकदा केले की काही वर्षे चालते.

करण्याची रीत सोपी, पण क्रमाला महत्त्व आहे. गोल तोरणाचे कडे वेताचे, जाड तारेचे किंवा भरतकामाची जुनी रिंग घेऊनही होते. आधी त्यावर सुतळी गच्च गुंडाळतात, म्हणजे पाने घसरत नाहीत. मग पानांचे छोटे झुबके एकाच दिशेने लावत जायचे. प्रत्येक झुबक्याने आधीच्याचे देठ झाकले पाहिजेत. फळे शेवटी. मोठी फळे तीन-तीनच्या घोसात खालच्या एका बाजूला बांधली तर कडे भरल्यासारखे दिसते आणि तरीही हिरवा भाग मोकळा राहतो. चारी बाजूंनी सारख्या अंतरावर फळे चिकटवणे ही हमखास होणारी चूक. त्याने तोरण जिवंत वाटत नाही. फळाच्या देठाला तार नसेल तर दाभणाने भोक पाडून ती ओवावी आणि पक्कडीने मागे पीळ द्यावा. नुसत्या ग्लू गनवर विसंबू नये, कारण उन्हाने तापलेल्या लोखंडी दारावर गोंद मऊ पडून फळे निखळतात.

तयार फळांत सफरचंद, द्राक्षे, चेरी यांचीच गर्दी असते. पण भाद्रपद ते कार्तिक हा या मुलखात मोसंबी आणि सीताफळाचा काळ. जालन्याची मोसंबी आणि बीडचे सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मोसंबीचा पिवळा-हिरवा गोळा बाजारात सापडू शकतो. सीताफळ घरीच करावे लागते. कागदाच्या लगद्याचा गोळा करून तो ओला असतानाच त्यावर चमच्याच्या टोकाने खवले उठवायचे आणि वाळल्यावर रंगवायचे. हा खटाटोप करण्यासारखा आहे, कारण त्यानेच तोरण इथल्या ऋतूचे होते. संक्रांतीसाठी बोरे, गाजरे आणि हरभऱ्याचे घाटे शोभतात. त्यांत ज्वारीची वाळलेली खरी कणसे खोवली तर कृत्रिम पानांचा चकचकीतपणा उतरतो.

या सजावटीला असलेला आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्र शासनाच्या मार्च 2018 च्या अधिसूचनेने सजावटीसाठी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वापरावर बंदी घातली, तरी अशा वस्तू बाजारात दिसत राहिल्या. प्लास्टिकच्या फुलांमुळे मागणी घटते, ही फूल उत्पादक शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि कोरडवाहू भागात तिला वजन आहे. त्यामुळे नव्याने करताना कापड, ताग, कागदाचा लगदा यांना पसंती द्यावी आणि घरी असलेले जुने प्लास्टिकचे तोरण टाकून न देता दुरुस्त करून वापरावे.

मराठवाड्यात धूळ फार बसते. कापडी पाने कोरड्या ब्रशने झटकावीत. प्लास्टिकची साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवावीत, उन्हात रंग उडतो. लगद्याच्या फळांना पाणी लावू नये. ठेवताना कडे जुन्या सुती कापडात गुंडाळून आडवे ठेवावे. खिळ्याला वर्षभर टांगून ठेवले तर ते फळांच्या भाराने एका बाजूला ओढले जाते.