शिश्नदाह: 'गुप्तरोगा'च्या गाठोड्यातून सुटत गेलेला आजार

शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, पुढच्या कातडीखाली पांढरा थर, लघवीला आग. हा शिश्नदाह. एवढं दिसलं की माणूस आधी आपला भूतकाळ आठवतो, आणि मग रुळांकडेच्या भिंतीवर रंगवलेला 'गुप्तरोगावर हमखास इलाज'वाला नंबर. (अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंतींना ते अजून कळलेलं नाही.) रक्तातली साखर तपासायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

हा घोळ जुना आहे, आणि त्यात आपल्या शब्दांचाही हात आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'उपदंश' येतो तो सिफिलिस (गरमी) म्हणून नव्हे. नखा-दातांची जखम, संबंधानंतर न धुणं, खराब पाण्याने धुणं अशी कारणं तिथे संबंधांच्या जोडीने दिली आहेत. पुढे 'शूकदोष' हा वेगळा अध्यायच आहे: लिंग वाढावं म्हणून विषारी किड्यांचे लेप लावल्याने होणारे अठरा विकार. आजचा त्वचारोगतज्ज्ञ यातल्या काहींना सरळ 'क्रीमची रिअ‍ॅक्शन' म्हणेल. कातडी मागे सरकत नसेल तर तो 'निरुद्धप्रकश'. त्यावर तूप माखलेली नळी घालून दर तीन दिवसांनी ती जाड करत न्यायची. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी नव्याने आलेल्या सिफिलिसला 'फिरंग' म्हटलं. पुढे मात्र मराठीत 'उपदंश' म्हणजेच सिफिलिस झालं आणि जुना, ऐसपैस अर्थ हरवला.

युरोपात तरी वेगळं काय होतं? परमा (गनोरिया) आणि गरमी हा एकच रोग, असं तिथले नामवंतही मानत. १८३८ मध्ये पॅरिसचे डॉक्टर रिकोर यांनी दोन्ही वेगळे केले. १८७९ मध्ये नायसर यांना परम्याचा जंतू सापडला, १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना गरमीचा. आता हे दोन्ही नाहीत असं तपासून सांगता येऊ लागलं, तशी उरलेल्या चट्ट्यांकडे नीट नजर गेली. १९२८ मध्ये श्ट्यूमर यांनी कातडी पांढरी, कोरडी, आवळत नेणारा प्रकार नोंदवला. १९५२ मध्ये नेदरलँड्सच्या झून यांनी चकचकीत, विटकरी चट्ट्याचा. संसर्गाने पसरणारा यातला एकही नाही. त्याआधी, १९११ मध्ये, केरा यांनी वर्णिलेला मखमली लाल चट्टा मात्र कर्करोगाची पहिली पायरी निघाला. दिसायला तो झूनच्या चट्ट्यासारखाच. म्हणून उतारवयात महिनोन्महिने न हटणाऱ्या डागाचा बारीक तुकडा काढून तपासतात. नुसत्या नजरेवर भागत नाही.

लहान मुलांची गोष्ट निराळी. जन्मतः कातडी चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते, हे १९४९ मध्ये इंग्लंडच्या गेर्डनर यांनी दाखवून दिलं. तरी काही घरांत अंघोळ घालणारी बाई ती रोज जोराने मागे ओढते, भेगा पडतात, आणि नसलेला आजार सुरू होतो.

मोठ्यांत मात्र बऱ्याचदा सापडते ती कँडिडा ही बुरशी. कातडीखालची ओल आणि लघवीतली साखर तिला मानवते. कित्येकांना मधुमेह असल्याचं याच खाजेतून पहिल्यांदा कळतं. खरवडलेल्या थरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशी दिसते. गरजेप्रमाणे स्वॅब आणि गरमीची रक्तचाचणी, पण साखर पाहायचीच. साबण, डेटॉल, कंडोमचं रबर यांचीही चौकशी होते. त्याआधीच मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम लावलेलं असलं तर चट्ट्याचं रूपच बदलतं आणि निदान अवघड होतं.

या इतिहासात अलीकडे एक औषधही शिरलं आहे. डापाग्लिफ्लोझिन जातीच्या गोळ्या रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. मधुमेहाला आणि हृदयाला त्या उपयोगी, पण बुरशीला आयतं खाणं. २०२० च्या ऑक्टोबरात भारतात पेटंट संपलं, किंमत कोसळली आणि गोळी घरोघरी पोहोचली. तेव्हापासून खाज घेऊन येणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला 'बाहेर कुठे गेला होतात का?' याच्याआधी विचारायचा प्रश्न असतो: 'काका, शुगरची कुठली गोळी चालू आहे?'