खोल पाण्यातील बर्फावरच्या मासेमारीसाठी रॉड आणि रील कसे निवडावे

हिवाळ्यात मुलांकडे टोरांटोला किंवा मिनेसोटाला जाणारे आमचे ग्राहक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: ठाण्याच्या खाडीवर जिताड्यासाठी वापरतो तो आठ-नऊ फुटी रॉड तिकडे गोठलेल्या तलावावर चालेल का? चालणार नाही. रॉडची लांबी मुख्यतः आमिष दूर फेकण्यासाठी असते आणि बर्फावर फेक नसतेच. पायाशी पाडलेल्या वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून गळ सरळ खाली सोडायचा असतो. त्यामुळे तिकडचे रॉड दोन ते साडेतीन फुटांचे असतात.

टोरांटोच्या उत्तरेकडील लेक सिमको हा तलाव सर्वांत खोल जागी 41 मीटर आहे. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून बर्फालगतचे पाणी शून्याच्या आसपास असले तरी तळाशी तुलनेने उबदार थर राहतो. लेक ट्राउट आणि व्हाइटफिश या माशांसाठी तेथे वीस-तीस मीटर खोलवर गळ सोडावा लागतो. उथळ पाण्यातील पर्च माशासाठी मिळणारा स्वस्त तयार संच या खोलीवर अपुरा पडतो, आणि त्यात आधी तोकडे पडते ते रील, म्हणजे गळाची दोरी (लाइन) सोडण्याचे आणि गुंडाळण्याचे यंत्र. म्हणून आमचा सल्ला असा, की पैसे मर्यादित असतील तर रॉडवर थोडे कमी आणि रीलवर थोडे अधिक खर्च करावेत.

रील तीन प्रकारांत मिळते. आपल्याकडे सर्वांच्या हाती असते ते स्पिनिंग रील. त्याचे स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, स्थिर असते, लाइन त्यावरून वेटोळ्यांनी सुटते, आणि ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक) सरकत असतानाही हँडल फिरवत राहिल्यास लाइनीत पीळ भरत जातो. फेकीच्या मासेमारीत हे फारसे जाणवत नाही. पण लाइन उभी लोंबत असली की तो पीळ उलगडताना आमिष भोवऱ्यासारखे गरगरते आणि सावध मासा जवळ येऊन परत फिरतो. दुकानाच्या इमारतीच्या गच्चीवरून पाच ग्रॅमचे जिग (वजन जोडलेला गळ) खाली सोडून आम्ही हे ग्राहकांना दाखवतो. जिग अंगणापाशी थांबल्यावरही फिरतच राहते. दुसरा प्रकार इनलाइन रीलचा. त्यात स्पूलच फिरते, त्यामुळे पीळ पडत नाही. मात्र साडेसहा सेंटिमीटर व्यासाच्या स्पूलवर गिअर नसेल, तर एका फेऱ्यात जेमतेम वीस सेंटिमीटर लाइन येते, म्हणजे तीस मीटरवरून गळ वर घ्यायला दीडशे फेरे! हातमोजे घालून हे करून पाहावे. तिसरा प्रकार बेटकास्टर. त्याचेही स्पूल फिरते आणि सहापट गिअरमुळे एका फेऱ्याला साठ सेंटिमीटरच्या आसपास लाइन येते. वीस मीटरपेक्षा खोल पाण्यासाठी आम्ही हाच सुचवतो. ज्यांना स्पिनिंग रीलच हवे असेल त्यांनी लाइन आणि लीडर (गळाजवळचा वेगळा तुकडा) यांच्यामध्ये लहान स्विव्हल (दोन्ही टोके स्वतंत्र फिरणारी कडी) अवश्य बांधावे.

लाइन ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, घ्यावी. तीस मीटर नायलॉन दहा टक्के जरी ताणली तरी तीन मीटर वाढते. मग वर रॉडला दिलेला हातभर झटका खाली गळापर्यंत पोहोचतच नाही. ब्रेडेड लाइन जवळपास ताणली जात नाही, पण ती पाणी धरते आणि उघड्या वाऱ्यात गोठून ताठ होते. बर्फावर उभारलेल्या तापवलेल्या झोपडीत बसणार असाल तर ही अडचण येत नाही. पुढे दीड-दोन मीटर फ्लुओरोकार्बनचा लीडर बांधावा.

रॉडबाबत दोनच गोष्टी पाहाव्यात. गाइडच्या, म्हणजे लाइन ज्यांतून जाते त्या, कड्या मोठ्या असाव्यात, कारण लहान कड्यांत बर्फ साचून लाइन अडकते. आणि टोक मऊ असले तरी मधला भाग दणकट असावा. खोल पाण्यासाठी 36 इंची रॉड उत्तम. झोपडीत भिंतीला लागतो म्हणून तेथे 30 इंची सोयीचा. 36 इंची अखंड रॉड 28 इंची सूटकेसमध्ये तिरपाही बसत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. दोन भागांचा रॉड मागून घ्यावा. गळ आणि जिग चेक-इन सामानातच ठेवावेत. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत 50 ग्रॅमपेक्षा हलकी शिशाची वजने चालत नाहीत, म्हणून टंगस्टनची जिग घ्यावीत. ती महाग असली तरी शिशापेक्षा बरीच जड धातूची असल्याने लहान आकारातही लवकर तळ गाठतात.

राहिले वंगण. आमच्या शेजारच्या आइस्क्रीमवाल्यांच्या डीप फ्रीझरमध्ये आम्ही एक नवे रील रात्रभर ठेवले. सकाळी त्याचे हँडल वाटणाच्या पाट्यासारखे जड झाले होते. कारखान्यातले दाट ग्रीस थंडीत घट्ट होते, आणि हँडल उलटे फिरू न देणाऱ्या क्लचमध्ये ते गेले तर क्लच निसटू लागतो. ते काढून पातळ तेलाचे दोन-चार थेंब देण्याचे काम आम्ही येथे करून देतो. त्यासाठी रील प्रवासाच्या किमान आठ दिवस आधी आणून द्यावे.